पाच भाषांतला करार आणि वेळासची पुळण

दिवाळी अंकात परीक्षण यावे ते कादंबरीचे किंवा कवितासंग्रहाचे, असा आपल्याकडे प्रघात आहे. मी मात्र यंदा फराळाच्या ताटाशेजारी एक आंतरराष्ट्रीय करार ठेवणार आहे. वाचकांनी रागावू नये. ज्या लिखाणावर जिवांचे जगणे-मरणे अवलंबून असते, त्याची समीक्षा कोणीतरी करावयास हवीच.

हा करार 3 मार्च 1973 रोजी वॉशिंग्टन येथे झाला. नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला लगाम घालणे हा त्याचा विषय. 'साइट्स' या आखूड नावाने तो ओळखला जातो. 1975 साली तो अमलात आला आणि 1976 साली भारत त्यात सामील झाला. चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश या पाचही भाषांतली त्याची संहिता सारखीच प्रमाण मानली आहे.

त्याची प्रस्तावना मला मनापासून आवडली. वन्य जीव एकदा गेले की ते पुन्हा घडवता येत नाहीत, म्हणून पुढच्या पिढ्यांसाठी ते राखले पाहिजेत, असे ती सांगते. त्यांचे सर्वांत चांगले राखणदार म्हणजे त्या त्या ठिकाणचे लोक आणि राष्ट्रे, असेही ती मानते. पण पुढे 25 कलमे येतात, आणि त्यांत परवाने, शिक्के, अधिकारी आणि सरकारे एवढीच पात्रे बोलू लागतात. प्रस्तावनेत मानाने बोलावलेले लोक प्रत्यक्ष पंगतीत दिसत नाहीत.

ही कोरडी भाषा अगदीच वाया गेलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. कासवाच्या कवचाच्या फण्या किंवा हस्तिदंत घेऊन निघालेली पेटी बंदरात अडवायची, तर तिथे काव्य कामाचे नाही. नेमके कलमच लागते. समुद्री कासवे या कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहेत. त्यांचा धंदा करण्यास त्यामुळे बंदी आहे.

पण आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला या. नाना फडणविसांचे हे गाव. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री पुळणीवर चढते, वाळू उकरून शंभरएक अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. ही अंडी माणसे खाण्याविकण्यासाठी काढून नेत, उरलेली कोल्ह्याकुत्र्यांची. ते अंडे कोणतीही सरहद्द ओलांडत नव्हते, म्हणून करार गप्प. देशाचा 1972 चा वन्यजीव कायदा होता. पण रात्री पुळणीवर तो वाचणार कोण?

2002 साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, गावकऱ्यांना हाताशी धरून हे काम सुरू केले. पहाटे पुळणीवर फिरून घरटी शोधायची, अंडी कुंपणाच्या आत तितक्याच खोल खड्ड्यात पुरायची आणि सुमारे पन्नास दिवसांनी बाहेर आलेली पिल्ले पाण्याकडे सोडायची. पुढे ती पाहण्यास पाहुणे येऊ लागले, गावातल्या घरांत राहू-जेवू लागले, आणि जिवंत कासवाने चार घरांची चूल पेटवली.

म्हणून करार नको, असे मात्र कोणी समजू नये. 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. एवढी मजल मारणारा प्राणी एका गावाच्या राखणीत मावत नाही. स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांसाठी 1979 साली बॉन येथे निराळा करार झाला, तो याचसाठी.

माझा आक्षेप इतकाच, की राखणीचा खर्च कोणी सोसायचा हे वॉशिंग्टनचा करार सांगत नाही. जाळ्यात अडकलेले कासव सोडवायचे तर मच्छीमाराला जाळे कापावे लागते. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर 2018 मध्ये अशा जाळ्यासाठी 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देऊ केली. मला तर हा ठराव त्या प्रस्तावनेचे खरे पुढचे कलम वाटतो.

तेव्हा माझा अभिप्राय असा: प्रस्तावना थोर, मांडणी काटेकोर, पण लोकांचे प्रकरण राहून गेलेले. करार करणारी राष्ट्रे अजूनही दर दोन-तीन वर्षांनी भरतात. त्यांनी ते प्रकरण लिहावे, आणि आपण तो सबंध करार सोप्या मराठीत आणून किनाऱ्यावरच्या शाळांत वाचावा.