अस्त्र, शस्त्र आणि पऱ्हाटीचे औषध

दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील काळ्या जमिनीत, पऱ्हाटीवर जे फवारले जाते त्यास शेतकरी ‘औषध’ म्हणतो. अतिविषारी द्रव्याच्या डब्यावर कायद्याने लाल त्रिकोण व कवटीचे चिन्ह असते; तरी ‘औषध मारले’ हाच प्रयोग रूढ आहे. तो अज्ञानजन्य म्हणून बाजूला सारणे सोपे, पण अशास्त्रीय होय. येथे नाव द्रव्याच्या गुणावरून पडलेले नसून हेतूवरून पडले आहे, आणि रासायनिक युद्धसाधनांच्या नियंत्रणासंबंधी मराठीत जी परिभाषा वापरली जाते तिची चिकित्सा याच भेदापासून सुरू करावी लागते.

पॅरिस येथे जानेवारी १९९३ मध्ये सह्यांसाठी खुला झालेला व २९ एप्रिल १९९७ पासून अमलात आलेला रासायनिक अस्त्रबंदीचा करार हेतूवरच उभा आहे. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार कोणतेही विषारी रसायन अस्त्रच होय; मात्र ते शेती, उद्योग, संशोधन, वैद्यक अशा अनिषिद्ध हेतूंसाठी असेल, आणि त्याचा प्रकार व प्रमाण त्या हेतूशी जुळत असेल, तर ते अस्त्र नव्हे. अशी व्याख्या करणे भागच होते. १९३६ साली जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर कीटकनाशकाच्या शोधात असता मज्जासंस्थेवर आघात करणारे ‘टाबून’ हे विष त्याच्या हाती लागले. पुढे इंग्लंडात ‘ॲमिटॉन’ हे कीटकनाशक १९५० नंतरच्या दशकात बाजारात आले, अतिविषारी म्हणून मागे घेतले गेले, आणि त्याच कुळातून ‘व्हीएक्स’ निपजले. कपाशीवरील मोनोक्रोटोफॉस हेही सेंद्रिय फॉस्फरस संयुगच. त्याची तीव्रता कितीतरी कमी, पण शरीरातील ज्या विकरावर घाला पडतो ते एकच.

मराठी वृत्तपत्रे व पाठ्यपुस्तके ‘अण्वस्त्र’, ‘क्षेपणास्त्र’ असे लिहितात आणि तितक्याच सहजतेने ‘रासायनिक शस्त्र’ असेही लिहितात, जणू दोन्ही पदे पर्यायी आहेत. वस्तुतः जुन्या भेदानुसार शस्त्र हाती धरून चालवायचे, अस्त्र सोडायचे. आणि महाकाव्यात ते मंत्राने सिद्ध होते. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा गवताची काडी उचलतो, व ती अभिमंत्रित होताच ब्रह्मशिर अस्त्र होते. काडी तीच, हेतू बदलला. कराराचे दुसरे कलम याहून निराळे काय सांगते? ‘रासायनिक शस्त्र’ ही संज्ञा सोडून द्यावी, कारण ‘शस्त्र’ म्हटले की नजर कोठारातील वस्तूकडे जाते. भारताने १९९७ साली जाहीर केलेला साठा २००९ पर्यंत नष्ट केला. जगातील जाहीर साठ्यांपैकी अखेरचा अमेरिकेने जुलै २०२३ मध्ये नष्ट केला. शस्त्राच्या अर्थाने कार्य जवळजवळ संपले. अस्त्राच्या अर्थाने ते संपलेले नाही.

औषधी रेणू शोधणाऱ्या एका अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनी २०२२ साली असे प्रसिद्ध केले की, संगणकप्रणालीची विषारीपणा टाळण्याची कसोटी उलटी फिरवताच सहा तासांच्या आत तिने सुमारे ४०,००० रेणू सुचविले. त्यांत व्हीएक्सही होते. येथे काडीसुद्धा नाही, केवळ मंत्र आहे. कराराची व्याख्या अशा रेणूंनाही वेढते. परंतु तपासणी ज्या अनुसूचींवर चालते, त्या ज्ञात द्रव्यांच्या व द्रव्यगटांच्या आहेत. (द्रोणाने ब्रह्मशिर पुत्राला नाखुशीनेच दिले होते, व मनुष्यांवर सोडू नको असे बजावले होते. प्रसारबंदीची ती फसलेली अटच म्हणावयाची.) तथापि अस्त्रकल्पनेलाही मर्यादा आहे. तीत ज्ञान अपात्रापासून राखणे हाच उपाय. परक्या निरीक्षकास कारखाना उघडून दाखविण्याची, हेग येथील संघटनेने बसविलेली, रीत तीत नाही. त्यासाठी ‘तपासणी’ हा शब्द कचेरीतूनच आणावा लागतो.

हेतूवरून नाव देण्यातील उणीव वऱ्हाडानेच पाहिली आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. श्वासावाटे, कातडीवाटे शिरलेले द्रव्य हेतू विचारीत नाही. करारात ‘प्रमाण’ ही अट आहे. ‘औषध’ या शब्दात तिला जागा नाही. सेंद्रिय फॉस्फरसाच्या बाधेवर ॲट्रोपिन देतात; टाबून, व्हीएक्स यांच्या बाधेवरही तेच. दवाखान्याच्या पडवीत बसलेल्या नातेवाइकास मग काय बाधले आणि काय दिले, या दोन्ही प्रश्नांना एकच शब्द उरतो, ‘औषध’.