कात्रणांच्या पाठीवर

लाल कापडी बांधणीच्या एका जुन्या खतावणीत मी ‘चिंटू’ या चित्रमालिकेची कात्रणं चिकटवली आहेत. मैद्याची खळ आईनं शिजवून दिली होती. त्या खळीच्या वासानं आलेली कसर अजून हटलेली नाही. चौथ्या पानावरच्या चिंटूच्या डोक्यावरचे केस तिनं खाल्लेत. एक कात्रण सुटून हातात आलं, तर त्याच्या पाठीवर गुलटेकडीचे कांद्याचे भाव निघाले. दुसऱ्याच्या पाठीवर कुणाच्या तरी दशक्रियेची चौकट होती, तीही अर्धी कापलेली.

‘चिंटू’ पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये २१ नोव्हेंबर १९९१ रोजी सुरू झाला. जामनेरात तो आम्हाला रोज कुठला दिसायला! पुण्याची मावशी ती पानं बाजूला काढून ठेवायची आणि मे महिन्यात गठ्ठा घेऊन यायची. पाचोऱ्यापर्यंत महाराष्ट्र एक्स्प्रेस, पुढे आमची पीजे. त्या नॅरोगेज गाडीला छप्पन किलोमीटर कापायला किती वेळ लागेल, हे गार्डालाही सांगता येत नसे. गठ्ठा मी एका दुपारी संपवला आणि चिंटू मला बेताचाच आवडला. रोज चिमूटभर घ्यायचं चूर्ण मी डबाभर खाल्लं होतं, हे कळायला बरीच वर्षं गेली.

‘चिंटू’चे जनक चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची करामत विनोदात जितकी आहे, त्याहून जास्त वेळेच्या हिशेबात आहे. पहिल्या चौकटीत मोठ्यांचं काहीतरी म्हणणं, शेवटच्या चौकटीत पोराचं उत्तर, आणि मध्ये बऱ्याचदा नुसता चेहरा. वाचकाला हसू फुटतं ते त्या मधल्या गप्प चौकटीच्या जोरावर. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी ‘चिंटू’ पडद्यावर आणला, पुढच्या वर्षी दुसरा भागही आला. पोरं गोड होती, पण पडद्यावर ती मधली चौकट काही सापडली नाही. शिवाय खरं पोर वाढतं. कागदावरचा चिंटू, मिनी, पप्पू, बगळ्या इयत्ता न ओलांडता वर्षानुवर्षं शाळेत जातात.

एक तक्रार मात्र आहे. चिंटूचं घर, त्याच्या जोशीकाकू, त्याची भाषा, सगळं पुण्याचं. आमच्याकडची तावडी बोलणारं, केळीच्या बागेत हुंदडणारं पोर कुठल्या चित्रमालिकेत मला भेटलेलं नाही. हा दोष पंडित-वाडेकरांचा नव्हे. त्यांनी आपल्या अंगणातलं काढलं. आमचं अंगण आम्हीच रिकामं ठेवलं.

आणि चित्रकारांची तर मराठीत कधीच वाण नव्हती. ‘किर्लोस्कर’मध्ये शंवाकि ऊर्फ शं. वा. किर्लोस्करांच्या ‘टाकांच्या फेकी’, १९६० पासून ‘मार्मिक’मध्ये बाळ ठाकरे, ‘ललित’मध्ये वसंत सरवटे. शि. द. फडणीसांचं ‘मोहिनी’वरचं ते चित्र, एकाच्या कपड्यावर मांजरं आणि दुसऱ्याच्या कपड्यावर उंदीर, आजही एका शब्दाविना हसवतं. पण हे सगळं प्रामुख्यानं एका चौकटीचं वैभव. आपली हास्यचित्रकला दिवाळी अंकांच्या मांडीवर वाढली. तिथे चित्रकाराला अख्खं पान मिळतं, सवड मिळते. मालिकेला रोजची बोटभर पट्टी लागते आणि रोज नवी कल्पना. चार्ल्स शुल्झनं ‘पीनट्स’ १९५० पासून २००० पर्यंत एकहाती काढली. शेकडो वर्तमानपत्रं ती मालिका विकत घेत होती, म्हणून ते जमलं. मराठी चित्रकाराला बहुधा एकाच दैनिकाच्या मानधनावर रोजचा घाणा ओढावा लागतो. म्हणूनच एक ‘चिंटू’ इतका टिकला, याचंच नवल.

जे छापलं गेलं, तेही आपण नीट राखलेलं नाही. मासिकांना पुठ्ठ्याची बांधणी मिळाली. दैनिकं गेली रद्दीत. कागद स्वस्त लगद्याचा, उन्हात ठेवला तर आठवड्यात पिवळा. अमेरिकेतही हीच गत होती. तिथली ग्रंथालयं वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म काढून मूळ बाडं टाकून देऊ लागली, तेव्हा बिल ब्लॅकबिअर्ड नावाच्या माणसानं ती बाडं सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या घरात भरली आणि त्यातल्या चित्रमालिका कापून ठेवल्या. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये रविवारच्या रंगीत पानांचे रंगच उरत नव्हते. १९९८ मध्ये तो संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठात गेला, तेव्हा सहा मोठे ट्रक लागले. माझा संग्रह पीजेच्या बाकाखाली मावेल एवढा. त्यासाठी एका वाचनालयात जुने अंक मागायला गेलो, तर उत्तर मिळालं, ‘दर शनिवारी वजनावर जातात.’

मावशी आता थकली. पीजेही २०२० मध्ये थांबली. निवडक ‘चिंटू’ची पुस्तकं मिळतात, छपाई स्वच्छ, कागद पांढरा, कसरीचं नाव नाही. मी ती घेतली आणि रोज एकच पान वाचायचं ठरवलं. पान उलटलं की मात्र पाठीवर पुन्हा चिंटूच असतो. कांद्याचे भाव नसतात.