दुपारची झोप आणि नीतिसंहिता

'नॅशनल असोसिएशन फॉर द एज्युकेशन ऑफ यंग चिल्ड्रन' या अमेरिकी संस्थेने १९८९ साली बालशिक्षकांसाठी नीतिसंहिता स्वीकारली. तिच्या २०११ च्या आवृत्तीत मुले, कुटुंबे, सहकारी आणि समाज असे चार विभाग आहेत. मुलाला अपाय करायचा नाही, हे तत्त्व सर्वांच्या वर आहे.

या संहितेचा मोठा गुण असा, की ती कर्तव्य आणि पेच यांत फरक करते. 'हट्टी आहे, खुशाल दोन फटके द्या,' असे पालक म्हणाले तर तो पेच नव्हे. उत्तर 'नाही' हेच. दोन्ही बाजूंना रास्त कारण असते, तेव्हा पेच उभा राहतो.

संहितेच्या अभ्यासात एक उदाहरण नेहमी चर्चेला येते. चार वर्षांच्या मुलाची आई शिक्षिकेला सांगते, 'याला दुपारी झोपू देऊ नका. झोपला की रात्री दहापर्यंत जागतो. मला पहाटे पाचला उठून कामावर जायचे असते.' पण तासभर झोपल्याशिवाय मूल दुपारी प्रसन्न राहत नाही, असा शिक्षिकेचा अनुभव. आता ऐकायचे कोणाचे?

संहिता आईची मागणी अडाणीपणा म्हणून झटकू देत नाही. मुलाविषयीच्या निर्णयात कुटुंबाला सहभागी करा, असे सांगते. ते योग्यच आहे. आमचा आक्षेप उदाहरणाच्या मांडणीवर आहे. मूल सकाळी किती वाजता उठते, हेच त्यात नाही!

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप हवी. हे मूल सकाळी आठला उठत असेल, तर दुपारचा तास धरून ११ तास भरतात. सहाला उठत असेल, तर ९ च. दुपारची झोप थांबवल्यावर ते रात्री आठला झोपू लागले, तर मात्र १० तास होतात. म्हणजे आईची मागणी मुलाच्याही हिताची ठरेल. आठला झोपले नाही, तर शिक्षिकेचे म्हणणे खरे. मूल्यांचा तराजू हाती घेण्यापूर्वी घड्याळ पाहायला हवे.

शिक्षिकेला मुलाचा दिवस दिसतो, आईला रात्र. पूर्ण चोवीस तास एकीलाही दिसत नाहीत. दोघींनी आठवडाभर झोपेच्या वेळा टिपाव्यात, मग झोप अर्ध्या तासावर आणून आणखी आठवडाभर पाहावे. कुटुंबाचा सहभाग म्हणजे केवळ सभेला बोलावणे नव्हे. पालकांकडे असलेली माहिती आपल्याकडे नाही, हे मान्य करणे, हाही त्याचाच भाग.

आपल्या बालवाड्यांत 'तिसऱ्या वर्षीच अक्षरे गिरवून घ्या,' असा आग्रह होतो. तिथेही वाद घालण्याआधी विचारावे: घरी मूल काय करते, आणि पालकांना भीती कशाची वाटते? उत्तर ऐकल्यावरही 'नाही' म्हणावे लागेल कदाचित. पण ते ऐकून घेतल्यानंतरचे 'नाही' असेल.