प्रतिकृतीचा रंग : संज्ञा आणि प्रत्यय

प्रमाणबद्ध प्रतिकृतींना रंग देणे हा आपल्याकडे छंद गणला जातो. समीक्षेचा विषय म्हणून त्याचा विचार क्वचितच होतो. तथापि वास्तवाशी इमान राखणे म्हणजे काय, हा वाङ्मयविचारातील जुना प्रश्न येथे वीतभर वस्तूत उभा राहतो आणि त्याचे उत्तर डोळ्यांनी पडताळता येते.

प्रस्तुत लेखकाला तो प्रश्न स्वतःच्या चुकीमुळे सुचला. एका महाविद्यालयीन प्रदर्शनात परीक्षक असताना 1:72 प्रमाणातील, 1940 सालच्या स्पिटफायर विमानाची प्रतिकृती समोर आली. तिचा पोटाकडील रंग फिका हिरवट होता. तक्त्यावर मात्र ‘स्काय’ असे नाव होते. स्काय म्हणजे आकाश आणि आकाशी म्हणजे फिका निळा, असा अर्थ लावून मी विद्यार्थ्याचे गुण कापले. वस्तुतः ब्रिटिश हवाई दलाचा ‘स्काय’ हा हिरवटच रंग होय. संज्ञेचे भाषांतर मी रंगावर लादले होते.

अर्थात या संज्ञेने तिच्या मायदेशीही घोळ घातला होता. जून 1940 मध्ये लढाऊ विमानांच्या खालच्या बाजूस हा रंग देण्याचा आदेश निघाला, तेव्हा रंगाचा साठा अपुरा होता आणि त्याच रंगास ‘बदकाच्या अंड्याचा निळा’ असेही म्हटले जात होते. परिणामी काही तळांवर निळसर मिश्रणे तयार झाली. ‘स्काय टाइप एस’ या नावातील ‘एस’ तर गुळगुळीत पृष्ठाचा निदर्शक. पुष्कळ प्रतिकृतिकारांनी तो रंगच्छटेचा भाग मानला.

यावर उपाय म्हणून अंक आले. 1956 च्या अमेरिकन संघीय मानक 595 मध्ये प्रत्येक रंगास पाच अंक आहेत. पहिला चकाकी सांगतो, दुसरा रंगवर्ग. 2017 मध्ये ते मानक रद्द होऊन नव्याने त्याची जागा घेतली, तरी छंदातील व्यवहार बहुधा जुन्याच अंकांनी चालतो. अंक निःसंदिग्ध खरा. परंतु तो नव्या, न मळलेल्या नमुन्याचे नाव आहे. उन्हात विटलेल्या, तेलाने माखलेल्या विमानाविषयी तो काहीच सांगत नाही.

दुसरा प्रचलित नियम प्रमाणाचा. 1:72 ची प्रतिकृती 30 सेंटिमीटरांवरून पाहणे म्हणजे मूळ विमान सुमारे 22 मीटरांवरून पाहणे. मधल्या हवेमुळे रंग फिकटतो, म्हणून त्यात पांढरा मिसळावा, असे सांगतात. हे स्पष्टीकरण टिकत नाही. निरभ्र दिवशी 22 मीटर हवेने रंगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. खरे कारण प्रकाशाचे आहे. मूळ विमान उघड्या उन्हात उभे असते, प्रतिकृती खोलीतल्या मंद उजेडात. म्हणून तोच रंग तेथे अधिक काळपट भासतो. उजळपणा हवा हे योग्य, पण सरसकट पांढरा नव्हे. लालात पांढरा घातला की गुलाबी होतो आणि वर्तुळचिन्हाचा अर्थच ढळतो. गडद हिरवा पांढऱ्याने खडूसारखा निस्तेज होतो. किंचित पिवळसर बदामी मिसळल्यास उजळूनही हिरवाच राहतो. पंखाच्या वरच्या, ऊन खाणाऱ्या भागावर हा उजळपणा अधिक आणि सांध्यांशी कमी असावा. रंगाचे थर पातळ असावेत आणि शेवटी मॅट व्हार्निशचा हात फिरवावा, कारण लहान पृष्ठावरील चकाकी प्रमाणाचा आभास मोडते.

येथे मराठीची एक शक्ती ध्यानात येते. हिरवट, निळसर, तांबूस, काळपट, पांढुरका : आपले प्रत्यय रंगाचे नाव न सांगता त्याचा कल सांगतात. अंक डबी ओळखण्यास उपयोगी. डबी उघडल्यावर काय करावयाचे ते हे प्रत्यय सुचवितात. ‘हिरवा, पण उन्हाने पिवळसर झालेला’ ही सूचना पाच अंकांत मावत नाही.

तेव्हा चांगल्या रंगकामाची कसोटी नमुनापट्टीशी जुळणे एवढीच नाही. ठरलेल्या उजेडात आणि ठरलेल्या अंतरावरून ती वस्तू तशी वाटते की नाही, हे पाहावयास हवे. त्या विद्यार्थ्याने ते पाहिले होते. मी फक्त तक्ता वाचला होता.