खिशातल्या नऊ रात्री

एडवर्ड यंग (1683–1765) याचे ‘नाइट थॉट्स’ हे काव्य आता इंग्रजी वाङ्मयेतिहासात दफनभूमीच्या कवितेवरील एखाद्या परिच्छेदापुरतेच उरले आहे. 1742 ते 1745 या काळात नऊ ‘रात्रीं’च्या रूपाने सुटे सुटे प्रसिद्ध झालेले हे निर्यमक पद्यातील काव्य सुमारे दहा हजार ओळींचे आहे. त्याच्या संपूर्ण शीर्षकात जीवन आणि मृत्यू यांच्या जोडीला अमरत्व हाही शब्द आहे आणि कवीच्या दृष्टीने तोच शेवटचा व निर्णायक होय. लोरेंझो नावाच्या सुखासक्त, अश्रद्ध तरुणाला उद्देशून हा सारा युक्तिवाद चालतो. पहिल्या रात्रीच्या शोकापासून निघून, सहाव्या व सातव्या रात्रीतील पाखंडखंडनातून, नवव्या रात्रीच्या ‘सांत्वना’पर्यंत पोचणे हा त्याचा नियोजित मार्ग आहे. मृत्यू हा येथे विषय नसून पुरावा आहे. आत्म्याच्या अमरत्वाचा पुरावा.

तरीही हे काव्य वाचकमानसात ठसले ते मर्त्यतेचे काव्य म्हणून. या विपर्यासाचे एक कारण संहितेत नाही, पुस्तकाच्या आकारात आहे.

1710 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये नव्या ग्रंथाला चौदा वर्षे आणि लेखक हयात असल्यास आणखी चौदा वर्षे संरक्षण दिले होते. लंडनचे पुस्तकविक्रेते मात्र आपला हक्क चिरंतन असल्याचा दावा करीत. 1774 साली उमरावसभेने डोनाल्डसन विरुद्ध बेकेट या दाव्यात तो फेटाळला. यंगच्या काव्याची अठ्ठावीस वर्षे तोवर भरून गेली होती. त्यानंतर छोट्या, स्वस्त आवृत्त्यांचा पूर लोटला. जॉन बेलची ब्रिटिश कवींची मालाच 109 खंडांची होती. पुढे चार्ल्स कुकने सहा पेन्सच्या अंकांतून कवी घरोघर पोचवले. शाळकरी वयात कुकच्या या पुस्तकांचा आकार, टाइप, सजावट, फार काय वेष्टनसुद्धा आपल्याला कसे वेड लावी, हे ली हंटने आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. हंटचे हे प्रेम कवितेच्या आधी वस्तूवर जडले होते. समीक्षकांनी त्याकडे निव्वळ बालसुलभ कौतुक म्हणून पाहिले, ते योग्य नव्हे.

कागदाच्या तावाची घडी घालून बारा किंवा अठरा पाने पाडली की पान तळहाताएवढे होते. त्यावर मजकूर थोडाच मावतो. दहा हजार ओळींचे काव्य अशा पानांवर विखुरले की प्रत्येक पान एक स्वतंत्र घटक बनू लागते. युक्तिवादाची साखळी पाने उलटताना तुटत जाते आणि हाती राहतात त्या सुभाषितवजा ओळी. यंगची शैली अशा वाचनाला मुळातच अनुकूल आहे. विरोधाभास, आवाहन, आटोपशीर सूत्र यांवर त्याचा भर आहे. दिरंगाईविषयीची त्याची एक ओळ तर कवीचे नाव मागे टाकून म्हण होऊन बसली. ग्रेची ‘एलिजी’ (1751) 128 ओळींची. ती छोट्या पुस्तकातही एका बैठकीत पुरी होते आणि आपली संपूर्ण आकृती राखते. यंगच्या बाबतीत हे घडू शकत नाही. खिशातला वाचक पुस्तक कोठेही उघडतो. तेथे बहुधा रात्र असते, थडगे असते, गेलेल्या सुहृदाची आठवण असते. सांत्वन शेवटच्या खंडात, शेकडो पाने पलीकडे असते.

आपल्याकडील हरिपाठाच्या किंवा मनाच्या श्लोकांच्या गुटक्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. पण साम्य आकारापुरतेच. गुटक्यातील वचन कोठूनही उचलले तरी ते त्याच निष्ठेच्या कक्षेत राहते, कारण ती निष्ठा वाचकाने पुस्तकाबाहेरून आणलेली असते. यंगला ती निष्ठा पुस्तकातच, क्रमाक्रमाने सिद्ध करायची आहे. क्रम गेला की सिद्धता गेली.

या दृष्टीने दोन प्रसिद्ध अभिप्राय पुन्हा तपासण्यासारखे आहेत. जॉन्सनच्या मते या काव्याचे बळ समग्रतेत आहे, सुट्या ओळींकडे पाहू नये. हा अभिप्राय मार्मिक आहे; पण ज्या काळात तो लिहिला गेला नेमक्या त्याच काळात छोट्या आवृत्त्या वाचकाला सुट्या ओळींकडे पाहायला शिकवीत होत्या. उलट जॉर्ज एलियटने 1857 साली ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’मध्ये यंगवर जी कठोर टीका केली, तिचा रोख युक्तिवादावर आहे. परलोकातील हिशेबावर उभारलेली नीती आणि प्रत्यक्ष माणसांविषयी आटलेली सहानुभूती हे तिचे मुख्य आक्षेप. ते बव्हंशी मान्य होण्यासारखे आहेत. मात्र ते लोरेंझोशी वाद घालणाऱ्या यंगला लागू पडतात. पानापानाने वाचल्या गेलेल्या यंगमध्ये तो हिशेब फारसा ऐकूच येत नाही. तेथे एक जागा माणूस अंधारात बोलत असतो, आणि पहिल्या रात्रीत तरी त्याचा स्वर अस्सल आहे.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारापासून मराठी समीक्षेने कलाकृतीच्या अन्वितीला जे महत्त्व दिले, त्यात कलाकृती सलग अनुभवली जाते हे गृहीत आहे. दीर्घकाव्याच्या बाबतीत हे गृहीत कितपत टिकते? अक्षर न अक्षर तेच असलेली संहिता दोन आकारांत दोन वेगळी काव्ये होऊ शकत असेल, तर ‘काव्याची अन्विती’ म्हणताना आपण कोणत्या पुस्तकाविषयी बोलतो, हे सांगण्याची जबाबदारी समीक्षकावर येते. खिशातल्या आवृत्तीने यंगचे नुकसान केले असे म्हणणे सोपे आहे. तिने त्याला त्याच्याच धर्मशास्त्रातून सोडवले असेही म्हणता येईल, आणि हे दुसरे विधान अधिक खरे दिसते. नववी रात्र, तिच्यातील ग्रहताऱ्यांच्या साऱ्या भव्यतेसह, आज वाचवत नाही.

मोठ्या आकाराचे भाग्य तरी काय होते? रिचर्ड एडवर्ड्सने विल्यम ब्लेककडून या काव्यासाठी 537 जलरंगचित्रे करून घेतली. भव्य पानाच्या मध्यभागी यंगचा मजकूर आणि त्याला चहूबाजूंनी वेढणाऱ्या ब्लेकच्या आकृती, अशी ती योजना होती. येथे वाचकाला मजकूर घेऊन हिंडता येत नाही, त्याला पुस्तकासमोर बसावे लागते. यंगला अभिप्रेत असलेला सलग प्रवास कोठे घडला असता, तर तो येथे. 1797 साली 43 कोरीव चित्रांसह पहिला भाग निघाला, तो खपला नाही, आणि उपक्रम तेथेच थांबला. त्या भागात चारच रात्री आहेत.