चंद्रावरून माती आणायचीय? आधी एखादं रॉकेट फुटू द्या

रिसर्चला येण्याआधी काय वाचू, असं ज्युनिअर मुलं विचारतात. मी पुस्तकाऐवजी एक बोर्ड गेम सुचवते: ‘लीव्हिंग अर्थ’. जोसेफ फातुला यांचा हा खेळ 2015 साली आला. प्रत्येक खेळाडू म्हणजे एक अंतराळ संस्था. खेळ 1956 मध्ये सुरू होतो, 1976 मध्ये संपतो. दर वर्षी 25 डॉलर मिळतात आणि उरलेले पुढच्या वर्षी चालत नाहीत. ज्यांनी लॅबमधली 31 मार्चची धावपळ पाहिलीय, त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

काम तसं साधं आहे. दूरवर जा, नमुना उचला, घरी पोचवा. आमच्या सेलूत शेतातला कापूस गाडीत भरून जिनिंगला नेतात, तसंच. पण तिथं जड असतो तो माल, इथं जड असते ती गाडी. हिशेब असा: प्रवासाच्या टप्प्याचा अवघडपणा गुणिले एकूण वजन, आणि रॉकेटचा जोर निदान तेवढा तरी हवा. ‘सोयुझ’चं वजन 9, जोर 80. पृथ्वीवरून थेट कक्षेत जायचा अवघडपणा 8. म्हणजे एकूण 10 वजन उडतं, त्यातलं 9 रॉकेटचं स्वतःचं. तुमच्या मालाला उरलं 1. रॉकेटचं गणित इतक्या सोप्या गुणाकारात पटवून देणं, ही या खेळाची पहिली कमाई.

दुसरी कमाई मोठी आहे. नवं तंत्र विकत घेतलं की त्यावर पालथी पत्ती ठेवतात, रॉकेटवर तीन. पत्तीवर यश असेल, छोटं अपयश असेल किंवा मोठं अपयश. तंत्र वापरताना त्यातली एक उघडायची. मोठं अपयश निघालं तर अख्खं यान गेलं. पण उघडलेली अपयशाची पत्ती 5 डॉलर भरून कायमची काढून टाकता येते. यशाची पत्ती काढायला मात्र 10 लागतात.

इथं थांबून विचार करा. अपयश सापडलं की दुरुस्ती स्वस्तात होते. ‘चाललं बुवा’ याची खात्री करून घेणं महाग पडतं. म्हणून शहाणा खेळाडू रिकामं रॉकेट मुद्दाम उडवतो. घाईतला चंद्रमोहिमेवरच पहिली पत्ती उघडतो. आपल्यातले बरेचजण दुसऱ्या जातीचे. पायलट स्टडी टाळायची आणि मुख्य प्रयोगातच प्रोटोकॉल पहिल्यांदा वापरायचा!

आता तक्रारी. तिन्ही पत्त्या संपल्या की ते तंत्र कायमचं बिनचूक होतं. हे खोटं आहे. आपल्या पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण सप्टेंबर 1993 मध्ये फसलं. पुढे त्याच रॉकेटनं 2008 मध्ये चांद्रयान-1 आणि 2013 मध्ये मंगळयान नेलं. त्याच्या पत्त्या संपल्या, असं कुणालाही वाटलं असतं. पण ऑगस्ट 2017 मध्ये उष्णतारोधक आवरण सुटलंच नाही आणि उपग्रह आतच अडकला. मे 2025 मध्ये तिसऱ्या टप्प्यात बिघाड झाला. खऱ्या जगात पत्त्या परत येतात, कारण प्रत्येक रॉकेट नव्यानं बनतं. तुमचं रसायनही दर वेळी नव्या बाटलीतून येतं. कॅलिब्रेशन एकदा केलं, आता गरज नाही, ही समजूत हा खेळ नकळत पक्की करतो.

दुसरी तक्रार मला जास्त खुपते. नमुना पृथ्वीवर आला की गुण मिळतात आणि विषय संपतो. संशोधन तर तिथून सुरू होतं. अपोलो मोहिमांनी चंद्रावरून सुमारे 382 किलो दगडमाती आणली. त्यातल्या ज्वालामुखीच्या काचमण्यांत पाण्याचा अंश आहे, हे 2008 साली प्रसिद्ध झालं, म्हणजे शेवटच्या अपोलो मोहिमेनंतर 36 वर्षांनी. नमुने जपून, नोंदी लावून ठेवले होते म्हणून नवं उपकरण आल्यावर जुन्या मातीला नवा प्रश्न विचारता आला. खेळात या जपणुकीला शून्य गुण. बोर धरणाचं पाणी बर्फाच्या पेटीत घालून नागपूरला नेताना लेबल पुसलं गेलं, तर नमुना ‘पोचला’ असं म्हणायचं का?

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं चांद्रयान-4 ला मंजुरी दिली. चंद्राची माती परत आणण्याची ही आपली पहिली मोहीम. तिच्या बातम्या वाचताना हा खेळ माहीत असला, तर उतरणं, उडणं, जोडणी, परतीचा प्रवेश अशा टप्प्यांत किती पत्त्या पालथ्या आहेत ते दिसेल.

खेळ मिळाला नाही तरी अडत नाही. तुमच्या सिनॉप्सिसमधली प्रत्येक पायरी एका कागदावर लिहा आणि बाजूला तीन कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा. यातलं स्वस्तात काय बिघडवून बघता येईल, ते गाइडकडे जाण्याआधी ठरवा. आणि पहिलं वर्ष संपायच्या आत एक तरी चिठ्ठी उघडाच.