गाणे आधी, नाटक नंतर

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील तीन तरुणांनी एक दोनशे पानी वही आमच्या हाती ठेवली. वहीवर नाटकाचे नाव नव्हते. खंजिरीचे एक ओबडधोबड चित्र तेवढे होते. आत होते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांवरून सुचलेले, आष्टीच्या १९४२ च्या उठावावरील दोन अंकी नाटक. "फादर, वाचून सांगा," एवढेच ते म्हणाले. वाचता वाचता आमच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो त्या वहीपुरता नाही, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत. एखाद्या गीतकाराच्या गाण्यांतून नाटक जन्माला येते ते नेमके कसे? आणि बहुधा ते का येत नाही?

पाश्चात्य रंगभूमीवर अलीकडे गाजलेले एक उदाहरण आहे. लोकसंगीताला विजेच्या गिटारची जोड देणारे अमेरिकन गीतकार बॉब डिलन यांना २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढल्याच वर्षी लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात आयरिश नाटककार कॉनर मॅकफर्सन यांचे 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' हे नाटक आले. गाणी सारी डिलन यांची. कथा मात्र त्यांच्या जीवनाची नव्हे. काळ १९३४ चा, महामंदीचा, स्थळ डुलुथ. याच गावी डिलन जन्मले, पण १९४१ साली. म्हणजे गीतकाराच्या जन्माआधीच्या गावात त्याची गाणी ऐकू येतात. कर्जात बुडालेले एक अतिथिगृह, स्मृती हरवत चाललेली मालकीण, तिची दत्तक कृष्णवर्णीय मुलगी आणि बायबल विकत हिंडणारा एक भोंदू पाद्री. (या पाद्र्याचे संवाद आम्ही अंमळ सावधपणे वाचले, हे कबूल केले पाहिजे.)

आम्ही हे नाटक संहितेवरूनच जाणतो, तरी त्यातील एक गोष्ट मनात ठसली. पात्राला दुःख झाले म्हणून ते दुःखाचे गाणे म्हणत नाही. प्रसंग एका दिशेने चालला आहे, गाणे भलत्याच दिशेने येते आणि दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत प्रेक्षकाचे मन काम करू लागते. दोष सांगायचा तर पात्रे फार आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक व्यथा दिल्यामुळे कित्येकांची नीट ओळख होण्यापूर्वीच त्यांचा निरोप घ्यावा लागतो.

आपल्याकडचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे, आणि आमच्या मते अधिक धाडसाचे. 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक २०१२ साली रंगभूमीवर आले. संकल्पना, गीते व संगीत लोकशाहीर संभाजी भगत यांचे. लेखन राजकुमार तांगडे यांचे. दिग्दर्शन नंदू माधव यांचे. नटसंचातील बरेचसे कलावंत जालना जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांतले. यमराज शिवाजी महाराजांना न्यावयास येतो, महाराज जातातही, पण त्यांचे विचार पृथ्वीवरच राहतात. मग बिचारा यम जिरेटोप घेऊन, तो नीट बसेल असे डोके शोधीत हिंडतो. कल्पना कोणत्याही गावच्या सोंगाड्याला सुचावी इतकी साधी आहे. पण टोप कोणाच्या डोक्यावर बसतो हा प्रश्न एकदा हसत हसत विचारला गेला की सभागृहातील प्रत्येक जण नकळत स्वतःचे डोके चाचपतो.

येथे गाणे कथेला लावलेली झालर नाही. पोवाडा हाच येथला युक्तिवाद आहे. महात्मा फुले यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला, तेव्हापासून हा वाद पोवाड्याच्या चालीतच चालत आला आहे. म्हणून नाटकात तो गाऊन मांडला जातो तेव्हा कृत्रिम वाटत नाही. शाहिराने डफावर थाप मारली की कथा थांबत नाही, उलट तेथूनच पुढे सरकते. उत्तरार्धात मात्र सांगण्याची घाई होते. जिरेटोपाने जे काम आधीच केले आहे, ते पुन्हा बोलून दाखविण्याची गरज नव्हती.

मॅकफर्सन यांच्याकडे गाणे कथेविषयी काहीच बोलत नाही. भगत यांच्याकडे गाणे हीच कथा. दोन्ही रीती यशस्वी होतात. फसते ती मधली रीत, म्हणजे प्रसंगाने सांगितलेले गाण्याने पुन्हा सांगणे. हे आम्ही अनुभवाने बोलतो. काही वर्षांपूर्वी उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर आम्ही स्वतः एक नाटक रचले होते, आणि प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी लोकगीताच्या चालीवर त्याचे सार गुंफले होते. प्रयोगानंतर एक आजी म्हणाल्या, "गानं सुरू झालं का मी सुपारी कातरत होती, फादर. काई सुटत नव्हतं." त्याहून अचूक समीक्षा आमच्या लेखनाच्या वाट्याला अजून आलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला उपासनेत यथोचित स्थान द्यावे असे सांगितले. ते वाचून आमच्या पिढीने ढोलकी आणली, खंजिरी आणली. पण पुष्कळदा ती शोभेपुरतीच.

आता वहीकडे वळू. तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. १९३६ साली गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला येऊन राहिले होते. मराठी व हिंदी भजने आणि हाती खंजिरी एवढ्या सामग्रीवर त्यांनी गावेच्या गावे जागविली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आमच्याच जिल्ह्यातील आष्टीत आणि तिकडे चिमुरात उठाव झाला, त्यामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती असे मानले जाते. त्याच वर्षी त्यांना कारावासही घडला. आष्टीच्या पोलीस ठाण्यावर त्या दिवशी दोन्ही बाजूंची माणसे मेली.

धर्मग्रामातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांला विचारले की, ही भजने आपल्या सभागृहात कशाला? प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १९९७ साली बोलोन्या येथील युखरिस्त महोत्सवात पोप दुसरे जॉन पॉल यांच्यासमोर डिलन गायले. वाऱ्याविषयीच्या त्यांच्या प्रसिद्ध गीताचा धागा पकडून पोप महोदय तरुणांशी पवित्र आत्म्याविषयी बोलले. आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो; जेवणघरात दोन तट पडले होते. कार्डिनल रात्झिंगर यांनाही हा प्रकार रुचला नव्हता, हे त्यांनी पुढे पोपपदी असताना लिहून ठेवले. त्यांची शंका अशी की, अशा संदेष्ट्यांना तेथे उभे करणे योग्य होते काय. गाणे निरुपद्रवी नसते, हे ते जाणून होते. पण रंगमंच ही वेदी नव्हे. वेदीवर आपण गाण्याने प्रार्थना करतो. रंगमंचावर त्या गाण्याची परीक्षा होते. नाटककाराला हवी ती हीच मोकळीक.

आणि त्या परीक्षेतच वही अडखळते. पहिला अंक उत्तम आहे. उठावाच्या आदल्या रात्री चौकात भजन चालले आहे. तेच भजन शेतकरी एका अर्थाने ऐकतो, शाळकरी मुलगा दुसऱ्या, आणि मागे काळोखात उभा असलेला गावचाच एक शिपाई तिसऱ्याच अर्थाने. तो बोटांनी काठीवर ताल धरतो. एवढ्या एका हालचालीसाठी आम्ही ती पाने दोनदा वाचली. दुसऱ्या अंकात मात्र भजन विजयघोष होऊन परतते, आणि ताल धरणारा शिपाई 'पोलीस क्रमांक दोन' होऊन मरतो. लेखकांना त्याचे नावही आठवत नाही.

१३७ व्या स्तोत्रातील बाबेलच्या नदीकाठचा विलाप आपण सारे जाणतो. त्याच्या शेवटी शत्रूच्या बालकांविषयी जे आहे, ते परिषदेनंतरच्या दैनिक प्रार्थनाग्रंथातून वगळण्यात आले. प्रार्थना करणाऱ्यासाठी ते योग्यच झाले. नाटककाराला मात्र ती सोय नाही. त्याला त्याच ओळींपाशी थांबावे लागते.

त्या शिपायाची आई दुसऱ्या अंकात आणा, असे आम्ही वहीच्या समासात लिहिले. तिने आदल्या रात्रीचे तेच भजन गुणगुणावे. पुढे काही नको. तिघांना ते पटलेले नाही. एक जण म्हणाला, "फादर, लोक चिडतील, हुतात्म्यांचा अपमान म्हणतील." दुसरा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "ती गाईल कोण? आमच्याकडे म्हातारीचं काम करायला कोणी नाही." कापसाची वेचणी आटोपल्यावर पुन्हा बसायचे ठरले आहे. वही सध्या आमच्याकडेच आहे. सुपारीवाल्या आजींना विचारून पाहावे, असे मनात आहे.